दांडेघर नाक्यापुढचे तीनशे मीटर

"दोनच नावं आलीत," वहीवरून मान वर न करता नलवडे सर म्हणाले. "तिसरं नाव नसेल तर मुलींची शर्यत होणार नाही. नियमच आहे तसा."

१९७८ सालच्या पंचवीस जानेवारीची संध्याकाळ होती. साताऱ्यातल्या आमच्या सायकल क्लबच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या सातारा-पाचगणी शर्यतीची नावं घेणं चाललं होतं. मुलग्यांची चौतीस झाली होती. मुलींच्या पानावर माझं नाव होतं, द्वारका निकम, आणि त्याखाली सांगलीच्या पद्मा चौगुलेचं. पद्मा दुपारीच मोठ्या भावाबरोबर एसटीनं आली होती. टेबलाच्या पलीकडे सायकलला टेकून उभी होती आणि एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"सर, मी सहा महिने तयारी केलीय," मी म्हणाले.

"मला माहीत नाही का? पण दोघींना पळवायचं म्हणजे ती शर्यत नव्हे. वर कळवलं तर ते शिबिराची जागा मान्यच करणार नाहीत."

त्या जागेसाठीच सगळा आटापिटा होता. त्या वर्षी पहिल्यांदाच राज्याच्या मुलींचा संघ निघणार होता. पुण्याच्या शिबिरात आमच्या भागातून एकच मुलगी घेणार होते, पाचगणीला पहिली येईल ती. बापू तार ऑफिसात शिपाई होते. अकरावीनंतर मला घरी बसवायचं की कॉलेजात घालायचं यावर घरात रोज बोलणी होत. बापू म्हणाले होते, "शिबिरात निवड झाली तर कॉलेजही कर आणि सायकलही चालव. नाही झाली तर आईचं ऐकायचं."

माझ्या मागे ओर्नाताई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "वय किती पाहिजे?"

"अठरा पूर्ण, मॅडम."

"माझा अडतीस पूर्ण. लिही."

नलवडे सरांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही?"

"तिसरं नाव पाहिजे ना? मी तिसरं नाव."

"पण शिबिराची जागा महाराष्ट्रातल्या मुलीलाच मिळणार. तुम्ही पहिल्या आलात तरी..."

"मला शिबिर नको. वाईपर्यंत चालवते, मग ट्रकमध्ये बसते. तुझा नियम झाला, या पोरींची शर्यत झाली."

सरांनी थोडा वेळ पेन दातांत धरलं. मग लिहिलं. ओर्नेल्ला फाब्री, वय अडतीस, सदर बझार, सातारा.

ओर्नाताईंची ओळख करून द्यायला हवी. त्यांचे यजमान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला इटलीहून आले होते. सदर बझारातल्या एका जुन्या बंगल्यात दोघं राहायची. स्वयंपाकाला येणाऱ्या गजराबाईंकडून ओर्नाताई मराठी शिकल्या, त्यामुळे बोलणं एकदम साताऱ्याकडचं. फक्त तो-ती-ते यांची भेळ व्हायची. सगळ्यांना त्या अरेतुरे करत, अगदी कलेक्टरलाही. गावात त्यांना इटलीबाई म्हणत. रोज सकाळी त्या निळ्या सायकलवरून यवतेश्वरचा घाट चढायच्या, आणि लोक कामं टाकून बघत राहायचे.

माझी त्यांची गाठ पोवई नाक्याच्या उतारावर पडली. मी बापूंचा डबा घेऊन ऑफिसला चालले होते, बापूंच्याच सायकलवर. मागून निळी सायकल सर्रकन पुढे गेली. मला काय झालं कोण जाणे. डबा एका हातात, हँडल एका हातात, अशी मी त्यांच्या मागे सदर बझारापर्यंत गेले. फाटकाशी त्या उतरल्या तेव्हा मी पंधरा पावलांवर होते. डब्यातली आमटी माझ्या सलवारीवर सांडली होती. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि हसत विचारलं, "उद्या डबा नाही आणला तर येशील?"

त्या दिवसापासून दीड वर्ष मी जात होते. त्यांच्याकडे दुसरी एक जुनी, चंदेरी रंगाची रेसची सायकल होती, ती त्यांनी मला चालवायला दिली. गिअर कधी टाकायचा, चढावर श्वास कसा मोजायचा, पुढच्या सायकलच्या मागं एका वितीवर कसं राहायचं, सगळं त्यांनी शिकवलं. चुकलं की ओरडायच्या, पण एकाच गोष्टीवर खऱ्या चिडायच्या. "येईल तशी चालवते" असं मी म्हटलं की. "येईल तशी नाही," त्या म्हणायच्या. "आहे तेवढी सगळी."

त्या तीनदा इटलीच्या विजेत्या होत्या, हे मला त्यांच्या यजमानांनी सांगितलं. देशविदेशात शर्यती केल्या होत्या, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. मग सत्ताविसाव्या वर्षी, अगदी भरात असताना, एका मोसमानंतर सायकल भिंतीला लावली आणि पुन्हा कधीही शर्यतीला उभ्या राहिल्या नाहीत. का, ते यजमान सांगत नव्हते. मी एकदा ओर्नाताईंनाच विचारलं. त्या चेनला तेल घालत होत्या. म्हणाल्या, "फडकं दे." मी दिलं. त्या चेन पुसू लागल्या.

आणि आता नुसतं नाव पुरवण्यासाठी त्या उभ्या राहत होत्या.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि आधी मुलगे सुटले. त्यानंतर तासाभरानं आम्ही तिघी. थंडी अशी होती की ब्रेकवर बोटं चिकटत होती. बापू पहाटेच्या एसटीनं पाचगणीला गेले होते, शेवटच्या रेषेजवळ उभं राहायला. नलवडे सर जीपमधून मागे येणार होते, आणि सामानाचा ट्रक वाईला थांबणार होता.

ओर्नाताईंनी केस रुमालात बांधले होते आणि अंगात जुनी लोकरीची जर्सी घातली होती. बघणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "अगं बया, ही पण?" ओर्नाताई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "ही पण." सगळ्या हसल्या.

साताऱ्याहून वाईपर्यंत तेहेतीस किलोमीटर. रस्ता सपाट, दोन्हीकडे ऊस आणि हरभरा. आम्ही आलटून पालटून पुढे राहत होतो. पद्मा ओळखीची नव्हती, पण तिच्या मागे सायकल ठेवली की लगेच कळायचं, ही पोरगी सरळ रेषेत चालवते, हिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ती बुटकी, दणकट होती. चढावर जड जाईल असं मला वाटत होतं, पण सपाटीवर तिनं पुढं येऊन वेग वाढवला की माझे डोळे पांढरे व्हायचे.

कृष्णेच्या पुलाशी ट्रक उभा दिसला. ट्रकवरच्या माणसानं हात केला. मी म्हणाले, "ताई, वाई आली."

"दिसली," त्या म्हणाल्या, आणि पुलावरून तशाच पुढं गेल्या.

मी वळून पाहिलं. जीपमध्ये नलवडे सरांनी कपाळाला हात लावला होता.

पसरणी घाट सुरू झाला तशी पद्मा एकदम उठली. सीटवरून उभी राहून तिनं पन्नास-साठ मीटरचं अंतर पाडलं. माझे पाय आपोआप तिच्या मागं निघाले. ओर्नाताईंनी शेजारी येऊन डाव्या हाताची बोटं माझ्या हँडलवर ठेवली. "बस खाली. बारा किलोमीटर आहे. ती चारात संपेल."

तसंच झालं. चौथ्या-पाचव्या वळणावर पद्मा सापडली. खांदे हलत होते, सायकल डोलत होती. आम्ही तिच्या बाजूनं पुढं गेलो तेव्हा तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या वळणावरून मी खाली पाहिलं तर ती दोनशे मीटर मागं होती, पण थांबली नव्हती. धोम धरणाचं पाणी खाली आरशासारखं पडलं होतं.

आता आम्ही दोघीच राहिलो. दीड वर्षात मी शेकडो वेळा ओर्नाताईंच्या मागून घाट चढले होते, पण त्या मला शिकवताना चढायच्या. त्या दिवशी त्या शर्यत चढत होत्या, आणि हे वेगळंच काही होतं. पाठ हलत नव्हती. वळण आलं की आतली बाजू सोडून बाहेरून जायच्या, चढ जिथं कमी तिथून, आणि वळण संपताच दोन पेडल जोरात मारायच्या. मला तेवढ्यात दर वेळी दहा फूट भरून काढावे लागायचे. पाच-सहा वळणांनंतर माझ्या लक्षात आलं की त्या मला मागं टाकायला बघत आहेत. मला, स्वतःच शिकवलेल्या पोरीला! राग यायला हवा होता. मला मात्र अंगावर काटा आला. यांचे वर्तमानपत्रांत फोटो येत होते, ते हे बघून.

पण मी अठरा वर्षांची होते. घाट संपत आला तसं त्यांचं श्वास घेणं मला ऐकू येऊ लागलं. पाठ अजून स्थिर होती, पण वळणानंतरची ती दोन पेडलं एकावर आली, मग तीही गेली. माझ्या पायांत अजून होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

दांडेघर नाक्याशी मी बाहेरून पुढे गेले. दोन सायकलींचं, मग तीन सायकलींचं अंतर पडलं. पुढं रस्ता किंचित चढाचा आणि सरळ, दोन्ही बाजूंना सिल्व्हर ओकची झाडं, आणि त्याच्या टोकाला पताकांची माळ. तीनशे मीटर. माणसं दिसत होती, त्यांत पांढरी टोपी बापूंची.

मी मागं पाहिलं. ओर्नाताईंचं तोंड उघडं होतं, चेहरा खडूसारखा झाला होता, आणि तरी त्या येत होत्या.

त्या वेळी जे मनात आलं ते अगदी सरळ होतं. शिबिराची जागा पहिल्या येणाऱ्या इथल्या मुलीला, म्हणजे मलाच. पद्मा मागं राहिली. मग पहिला नंबर ताईंचा असला तर माझं काय जातंय? या बाईनं मला सायकल दिली, दीड वर्ष दिलं, काल नाव दिलं. अकरा वर्षांनी शर्यतीला उभी राहिली ती माझ्यापायी. त्यांना आपण दुसरं काय देणार?

मी पेडल मारायचं थांबवलं. सायकल मंदावली. ओर्नाताई जवळ आल्या, बरोबरीला आल्या. मी हसून हातानंच म्हटलं, जा.

ब्रेक कर्रकन वाजले. त्या थांबल्या होत्या. एक पाय जमिनीवर.

"काय करते?"

"ताई, तुम्ही जा ना पुढं."

"का थांबली? पाय दुखतो?"

"नाही."

"चेन पडली?"

"नाही ओ. तुम्ही पहिल्या या. माझी जागा कुठं जात नाही. मला तुम्हाला..." पुढचा शब्द मला सापडेना. "माझ्याकडून."

त्यांचा चेहरा असा झाला की तसा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. गालावर मारल्यासारखा. "मला देते? शर्यत मला देते?"

"ताई, लोक बघतायत."

"बघू दे! मी एकदा दिली. मी देणार नाही, मी घेणार नाही. चल, चालव!"

"आधी तुम्ही चला."

"तू पुढं होती. तू चल!"

पताकांखालची माणसं ओरडत होती. मला वाटलं, आम्हाला ओरडताहेत. मग त्या ओरडण्यात मला बापूंचा आवाज ओळखू आला. "मागं बघ! द्वारके, मागं बघ!"

पद्मा नाक्याच्या वळणातून बाहेर पडली होती. आम्हाला उभं पाहून तिच्या डोळ्यांत काय आलं ते मला इतक्या लांबूनही दिसलं. ती सीटवरून उठली.

आम्ही दोघींनी एकदमच सायकली रेटल्या. चढावर, जड गिअरमध्ये, उभ्या जागेवरून. पहिली पाच पेडलं म्हणजे चिखलातून पाय काढणं. पद्मा चालत्या वेगात आमच्या डावीकडून गेली, तिचा वारा मला लागला. मग माझी सायकल सुटली.

त्या अडीचशे मीटरांबद्दल मला एवढंच सांगता येईल की मी काही राखलं नाही. घशात रक्ताची चव आली. पद्माचं मागचं चाक आधी माझ्या पुढं दोन सायकली होतं, मग एक, मग तिचं पेडल माझ्या पुढच्या चाकाशी आलं. मला अजून वीस मीटर मिळाले असते तर... पण ते नव्हते. पताका डोक्यावरून गेल्या तेव्हा ती अर्ध्या चाकानं पुढं होती.

ओर्नाताई आमच्या मागून चार-पाच सायकलींवर आल्या. तिसऱ्या.

मी गवतावर पडले होते. बापू जवळ येऊन बसले, टोपीनं मला वारा घालू लागले. त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. मग ते म्हणाले, "मधेच गप्पा मारायला थांबलात काय गं?"

मी रडायला लागले.

नलवडे सर जीपमधून उतरले. त्यांनी सगळं पाहिलं होतं, पण त्यांच्या नियमांत त्याला काही उत्तर नव्हतं. त्यांनी नावं वाचली. पहिली, पद्मा चौगुले, सांगली. पद्माच्या भावानं तिला उचललं होतं. टाळ्या वाजल्या, आणि त्यांत सगळ्यांत जोरात कोण वाजवत होतं ते बघायला मी मान वळवली. ओर्नाताई. रुमाल सुटलेला, तोंड लाल, आणि त्या हसत होत्या. हे मला सहन झालं नाही.

लोक पांगल्यावर त्या माझ्याशेजारी गवतावर बसल्या. बापू चहा आणायला गेले होते.

"तुम्ही पुढं गेला असता," मी म्हणाले, "तर तुम्ही पहिल्या, मी दुसरी, आणि शिबिर मला. कुणाचं काही बिघडलं नसतं. तुम्ही थांबलात म्हणून गेलं."

"हो," त्या म्हणाल्या. "अर्धं माझ्यामुळं गेलं."

"मग हसता कशाला?"

त्यांनी दोन्ही पाय लांब केले. मग त्यांनी सांगितलं. मराठी मध्येच संपायची, मग त्या हातांनी सांगायच्या.

बेल्जियममध्ये एक शर्यत होती, त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी. शेवटच्या टप्प्यात त्या आणि त्यांच्याच संघातली लिविया अशा दोघीच पुढं होत्या. लिविया बावीस वर्षांची, दिसायला छान. ज्या सायकल कंपनीच्या पैशावर संघ चालायचा तिच्या जाहिरातीत लिवियाचा फोटो येणार होता. आदल्या दिवशी मॅनेजरनं ओर्नाताईंना खोलीत बोलावून सांगितलं होतं, तुझ्याकडं इटलीचे तीन किताब आहेत, दोघी पुढं असाल तर उद्या लिविया. त्या हो म्हणाल्या होत्या. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्यांनी बोटभर ब्रेक दाबला. कुणालाही दिसलं नाही.

"लिवियाला दिसलं," त्या म्हणाल्या. "ती पुढं गेली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मघाशी मी तुझ्याकडं बघितलं ना, तसं."

"मग?"

"मग काय. तिला हार घातला, फोटो काढला. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. मला वाटलं, गर्व आला. पुढच्या वर्षी रस्त्यात भेटली. सायकल सोडली होती तिनं. म्हणाली, ओर्नेल्ला, त्या दिवशी मी तुला हरवलं असतं का, ते मला आता कधीच कळणार नाही. तू माझ्याकडून तेवढं चोरलं." ओर्नाताईंनी गवताची काडी तोडली. "आणि मला पण कळणार नाही. मग मी कुठलीही शर्यत जिंकली तरी वाटायचं, कुणीतरी ब्रेक दाबला असेल. म्हणून सोडलं."

मी बाहीनं डोळे पुसले.

"आज मी तिसरी आली," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी माझ्यापेक्षा जोरात होत्या म्हणून तिसरी आली. खरी तिसरी. अकरा वर्षांत मला इतकं बरं वाटलं नाही. त्याला मी काय करू?"

बापू तीन कप चहा घेऊन आले. ओर्नाताईंनी त्यांच्या हातातून कप घेतला आणि म्हणाल्या, "पोरगी तुझी शहाणी नाही, पण पाय चांगले आहेत." बापूंना हसावं की नाही ते कळेना.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर ट्रकमधून परत आले नाही. बापूंबरोबर एसटीनं आले, आणि नऊ दिवस सदर बझाराकडं फिरकले नाही. त्यांनी सांगितलेलं मला समजलं होतं. पण समजलं म्हणून राग जातो असं नाही. पुण्याची जागा गेली होती, घरात आईनं एका स्थळाची पत्रिका आणून ठेवली होती, आणि या बाई म्हणतात, बरं वाटलं.

दहाव्या दिवशी सकाळी मी उठले, सायकल काढली आणि एकटीच यवतेश्वरला गेले. घाटात अर्ध्यावर असताना मागून चेनचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही, वेग वाढवला. आवाजही वाढला. वरच्या देवळापर्यंत आम्ही एक शब्द न बोलता गेलो, आणि मी एका सायकलच्या अंतरानं आधी पोचले. त्या धापा टाकत म्हणाल्या, "आज नाही ना थांबली?"

"नाही," मी म्हणाले.

त्या रात्री मी बापूंना सांगितलं की मला आणखी एक वर्ष पाहिजे. ते म्हणाले, "आणि नाहीच झालं तर?" मी म्हणाले, "नाही झालं तर हरले असं म्हणेन. पण यंदाचं मी हरले असं मला म्हणता येत नाही, जिंकले असते असंही म्हणता येत नाही. हे असं ठेवून मला नांदता येणार नाही." बापू तार ऑफिसात तीस वर्षं लोकांच्या आनंदाच्या आणि दुःखाच्या बातम्या वाटत आले होते. थोडक्यात सांगितलेलं त्यांना कळायचं. त्यांनी पत्रिका परत पाठवली.

एप्रिलमध्ये फाब्रींचं काम संपलं आणि ओर्नाताई इटलीला गेल्या. चंदेरी सायकल मला कायमची देऊन गेल्या. पुढच्या वर्षी पाचगणीला आम्ही सात मुली होतो. मी पहिली आले. मागं कोण आहे हे मी रेषा ओलांडेपर्यंत पाहिलं नाही.

पुण्याच्या शिबिरात खोलीत दुसरी खाट पद्मा चौगुलेची होती. ती आदल्या वर्षीपासून संघात होती, आणि राज्यातल्या सगळ्यांत वेगवान मुलींत तिचं नाव घेतलं जात होतं. माझ्याशी ती नीट वागायची, पण काहीतरी अडवून ठेवल्यासारखं. आठवड्याभरानंतर एका दुपारी आम्ही नळावर जर्सी धूत होतो. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "एक विचारू? त्या दिवशी दांडेघरला तुम्ही दोघी थांबला कशाला होता?"

मी साबण खाली ठेवला.

"मी घरी गेल्यावर सगळ्यांनी पेढे वाटले," ती म्हणाली. "पण मला झोप येत नव्हती. तुम्ही दोघी उभ्या होता की. तुम्ही नसता थांबलात तर मी कुठली यायला? एक वर्ष झालं, कुणी माझं कौतुक केलं की मला तेच दिसतंय. तुम्ही दोघी रस्त्यात उभ्या, आणि मी बाजूनं चाललेय." तिनं पिळलेली जर्सी पुन्हा पाण्यात बुडवली. "तुम्ही मला ती शर्यत सोडून दिलीत का, काय?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी 'हो' म्हणायचा मोह मला झाला. वर्षभराचा राग एका शब्दात निघाला असता. मी तिच्या ओल्या हातांकडं बघितलं, आणि मला न पाहिलेली ती लिविया आठवली.

"थांबले ती माझी चूक," मी म्हणाले. "पण तुझ्यासाठी नव्हते थांबले. तू इतकी जवळ आली आहेस हे मला माहीतही नव्हतं. घाटात तुझा दम संपला होता. दुसरी कुणी उतरून चालत आली असती. तू आलीस. आणि तू दिसल्यावर मी जी सायकल काढली ना, ती जीव तोडून काढली. तोंडात रक्त आलं होतं. मी काहीही राखलं नव्हतं, पद्मा. तू अर्ध्या चाकानं पुढं होतीस."

ती वळली. "देवाशपथ?"

"देवाशपथ. वीस मीटर आणखी असते तर मी गाठलं असतं."

"छे!" ती म्हणाली. "वीस असते तर मी पण आणखी मारली असती की."

"बघू उद्याच्या चाचणीत."

"बघू," असं म्हणून तिनं जर्सी झटकली. पाणी माझ्या तोंडावर उडालं, आणि आम्ही दोघी वाळत घालायला दोरी शोधायला निघालो.